फेलिमची रात्र

सन २०१०, डिसेंबरचा तिसरा आठवडा, शुक्रवार. नाताळ तोंडावर आलेला. त्या वर्षी आयर्लंडात अशी थंडी पडली की जुन्या थंड्या सांगणारी म्हातारी माणसंही गप्प झाली. लीट्रिमच्या डोंगरातले रस्ते बंद झाले. नळ गोठले. मेंढ्या कुंपणाला टेकून उभ्याच्या उभ्या मेल्या.

मॅलकी गिलरॉय सकाळी रॉकेलची टाकी बघायला मागच्या दारी गेला. टाकीच्या अंगाला काचेची नळी होती, तिच्यात तेल कुठवर आहे ते दिसायचं. अर्ध्याच्या खाली होतं. नाताळ निघेल, पुढचं पुढे, असं म्हणून तो आत आला आणि बूट काढायला बॉयलरच्या खोलीत थांबला.

खोली कसली, स्वयंपाकघरामागचा कोनाडा. तिथे बॉयलर घुमत होता. तो रॉकेल जाळायचा, पाणी तापवायचा, ते पाणी नळ्यांतून घरभर फिरायचं आणि भिंतींवरचे लोखंडी रेडिएटर तापायचे. धुराचा नळ मागच्या भिंतीतून बाहेर काढलेला, छपराच्या वळचणीखाली. बरीच वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मॅलकी वाकून बुटाची नाडी सोडत होता, तेव्हा त्याला वास आला.

मॅलकीला वास येणं हेच नवल होतं. ऑक्टोबरात त्याची बायको ऊना गेली. तिला पुरून आले, लोकांनी चहा घेतला, सँडविच खाल्ले, घरी गेले, आणि संध्याकाळी मॅलकीच्या लक्षात आलं की आपल्याला कशाचाच वास येत नाही. चवही नाही. चहा गरम लागायचा, पाव कोरडा लागायचा, एवढंच. डॉक्टर म्हणाला, होतं असं, येईल परत. मॅलकीला घाई नव्हती. त्याला रडूही आलं नव्हतं. हात अंगाखाली दबून बधिर व्हावा तसा तो सगळाच झाला होता, आणि त्याचं त्यात बरं चाललं होतं.

आणि आता हा वास. ओल्या लोकरीचा. त्याखाली डांबराचा, मेंढीचे खूर कुजले की लावतात त्या डांबराचा.

त्याने स्वतःच्या मेंढ्या विकून कितीतरी वर्षं झाली होती.

"डिम्फना!" त्याने हाक मारली.

डिम्फना ऊनाची थोरली बहीण. नाताळपुरती म्हणून आली होती आणि बर्फात अडकली होती. ती हात पुसत आली.

"काय झालं? पडलास?"

"वास घे."

"कसला?"

"तू सांग."

तिने मान पुढे काढली. "रॉकेलचा. बॉयलरला रॉकेलचाच येणार. गुलाबाचा येईल?"

"मेंढीचा येतोय."

डिम्फनाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आल्यापासून माझ्या हातचं खातोस आणि चव नाही म्हणतोस. आणि नसलेल्या मेंढीचा वास येतो? आंघोळ कर, मॅलकी. मेंढी निघून जाईल."

वास आता बॉयलरपाशी नव्हता. तो पुढे सरकला होता, बोळातून. मॅलकी त्याच्यामागे गेला आणि ऊनाच्या खोलीपाशी थांबला.

ही खोली ऑक्टोबरपासून बंद होती. ऊना गेल्यावर पुरेपर्यंत तिला तिथेच ठेवलं होतं. मयताची खोली थंड ठेवावी लागते, म्हणून त्या खोलीतल्या रेडिएटरची चावी त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती आणि नंतर पुन्हा उघडली नव्हती. त्याने दार लोटलं. आतली थंडी अंगावर आली. पलंग उघडा, गादी उभी करून ठेवलेली. रेडिएटरजवळ एक लाकडी खुर्ची. समोर खिडकी, तिच्या चौकटीला सायीच्या रंगाचा रंग. मागे कधीतरी रंगाऱ्याने कडीसकट रंगवून टाकली होती. तेव्हापासून ती चिकटून बसली होती.

खोलीत वास दाट भरला होता. जणू ओल्या अंगरख्यातलं कुणी नुकतंच खुर्चीवरून उठून गेलं होतं.

मॅलकीने रेडिएटरवर हात ठेवला. कोमट होता. त्याने वाकून चावी पाहिली. बंद होती. आणखी आवळून पाहिली. आणखी फिरत नव्हती.

हा वास कुणाचा, ते त्याला पहिल्या श्वासातच कळलं होतं. त्या डोंगरात असा वास येणारा एकच माणूस होता.

फेलिम मॅकगोवर्न. टेकाडापलीकडे एकटा राहायचा. लग्न केलं नाही, फोन घेतला नाही, बॉयलर बसवला नाही. दलदलीतून विटांसारखं कापून वाळवलेलं मातीचं जळण लोखंडी चुलीत घालायचा आणि मेंढ्या पाळायचा. मेंढ्यांच्या वाटेवरून त्याचं आणि मॅलकीचं वाजलं होतं. वाट मॅलकीची की दोघांची, एवढाच प्रश्न होता. त्यावरून तीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. चर्चमध्ये एक उजवीकडे बसला की दुसरा डावीकडे.

पण ऊना गेली त्याच्या दुसऱ्या रात्री फेलिम आला होता.

मयत घरात असलं की त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. शेजारी पाळीपाळीने बसतात. दुसऱ्या रात्री बसणारे पेंगायला लागले, तेव्हा मॅलकीने त्यांना घरी घालवलं. माझी बायको आहे, मी बसेन, म्हणाला. आणि बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायला लागले. तेव्हा मागचं दार वाजलं. फेलिम टोपी हातात घेऊन आत आला. अंगावर ओला लोकरी अंगरखा, हात डांबराने काळे. एक शब्द न बोलता तो रेडिएटरजवळच्या खुर्चीवर बसला. मॅलकी शेजारच्या खोलीत जाऊन झोपला. मेल्यासारखा झोपला. सकाळी उठला तेव्हा फेलिम तसाच ताठ बसलेला होता.

"गेली तेव्हा खिडकी उघडली होतीस?" फेलिमने विचारलं. तीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

माणूस गेला की लगेच खिडकी उघडायची, जाणाऱ्याला वाट द्यायची. तिथे हे लहान पोरालाही माहीत असतं. मॅलकीलाही माहीत होतं.

"बॉयलर चालू होता," मॅलकी म्हणाला. "सगळी ऊब बाहेर गेली असती."

फेलिमने खिडकीकडे पाहिलं. मग रंगाने लिंपलेल्या कडीकडे पाहिलं. टोपी घालून उठला.

मॅलकी जन्मात कुणाचं देणं लागला नव्हता. म्हणून दारापाशी त्याच्या तोंडून निघालंच. "फेलिम. तुझी एक रात्र माझ्याकडे राहिली."

"राहू दे," फेलिम म्हणाला. "लागेल तेव्हा मागेन."

शुक्रवारी दुपारी मॅलकीने ऊनाच्या खोलीचं दार पुन्हा ओढून घेतलं आणि बॉयलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन केला.

शनिवारी कॉर्मक आला. मोटार चढणं शक्य नव्हतं, म्हणून भावाचा ट्रॅक्टर घेऊन आला. अंगापिंडाने थोराड, तोंडाने थट्टेखोर. त्याने बॉयलर बंद केला, जाळ निघतो तो बर्नर काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक भाग मांडला. तेल फवारणारं नॉझल पुसलं, काजळी काढली, मागच्या दारी जाऊन धुराचा नळ पाहिला, वळचणीवरच्या बर्फाकडेही पाहिलं.

"बर्फ फार साठलंय छपरावर," तो म्हणाला. "खाली सरकलं तर नळ बुजेल. लक्ष ठेवा. बाकी काही नाही. माझ्या घरातल्यांपेक्षा हा बॉयलर शिस्तीत आहे."

"वास?" मॅलकी म्हणाला.

"रॉकेलचा वास असेल तर मी शोधून देतो. धुराचा असेल तर देतो. मेंढी मला सापडत नाही. टाकीत पडली असेल तर बाहेर काढण्याचे पैसे वेगळे."

डिम्फना चहा ओतता ओतता हसली. "त्याला विचार, काळी आहे की पांढरी."

"बंद रेडिएटरमधून येतोय," मॅलकी म्हणाला.

"रेडिएटरमध्ये पाणी असतं हो. वास येणार कुठून?"

"चावी बंद आहे. तरी तापतोय."

कॉर्मक जाऊन पाहून आला. त्याने खांदे उडवले. "थंडगार आहे. माझ्या सासूच्या स्वागतासारखा."

तेवढ्यात मॅलकीने मान वर केली.

"आता," तो म्हणाला. "आता येतोय. लोकर जळतेय."

दोघांनी नाकं वर केली. बोळातून वास आला होता, जबर, एकदम. करपलेल्या लोकरीचा. मॅलकीच्या घशात खवखवलं. डोळ्यांत पाणी आलं.

"मॅलकी..." डिम्फना हळू आवाजात म्हणाली. "काहीच जळत नाहीये."

खरं होतं. बर्नर सुटा होऊन टेबलावर पडला होता. घरात विस्तवाची ठिणगी नव्हती.

कॉर्मकने मुकाट्याने भाग जोडले. बॉयलर पुन्हा घुमायला लागला. ट्रॅक्टरवर चढताना त्याने विचारलं, "आणखी काही? खाली जातोच आहे. कुणाकडे काही निरोप?"

मॅलकी दारात उभा होता. समोर टेकाड, टेकाडाच्या माथ्यावरून फेलिमच्या धुराड्याचं टोक दिसायचं. फेलिमकडे डोकावून जा, एवढंच म्हणायचं होतं. ट्रॅक्टरला दहा मिनिटांची वाट. शब्द तोंडात आले होते.

"काही नाही," तो म्हणाला.

ट्रॅक्टर गेला. डिम्फना त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होती.

"त्याच्या धुराड्यातून धूर दिसत नाही आज."

"त्याचं धुराडं आहे."

"म्हातारा आहे, मॅलकी. एकटा आहे."

"मीही म्हातारा आहे," मॅलकी म्हणाला आणि दार लावलं.

रविवारी रस्ता बंदच होता, चर्चला कुणी गेलं नाही. डिम्फनाने रेडिओवर प्रार्थना लावली आणि एकटीच जपमाळ ओढत बसली. सकाळपासून वास बदलला होता. लोकर नव्हती, डांबर अगदी थोडं. विझलेल्या चुलीतली राख ओली झाली की येतो, तसा वास. तो वाढतही नव्हता, हटतही नव्हता. मॅलकी खुर्चीवर बसून होता. त्याला काय वाटत होतं, असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. काही वाटत नव्हतं. वास येत होता.

दुपार कलली. चारलाच अंधारून आलं. मॅलकी उठला, कोनाड्यात गेला आणि बॉयलरचा खटका बंद केला. घुमणं थांबलं. घर इतकं शांत झालं की छपरावरचं बर्फ कुरकुरताना ऐकू यायला लागलं.

"हे काय?" डिम्फना ओरडली. "गोठवून मारणार आहेस मला?"

"थोडा वेळ. एक बघायचंय."

तो दिवा घेऊन ऊनाच्या खोलीत गेला. दार मागे लावलं. घरातल्या सगळ्या नळ्या आता निवायला हव्या होत्या. त्याने रेडिएटरवर हात ठेवला.

तापलेला होता. बॉयलरच्या पाण्याने चटका बसतो, तसा नाही. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा. त्याखाली काहीतरी हलत होतं. पाणी असेल. फार हळू, थांबून थांबून.

मॅलकीने हात उचलला नाही. का, ते त्याला माहीत नव्हतं. खिडकीबाहेर अंधार होता. काचेत दिवा दिसत होता, तो दिसत होता, खुर्ची दिसत होती. राखेचा वास हळूहळू पातळ होत गेला. आणि हाताखालचं लोखंड निवायला लागलं.

आधी कडा. मग वरची बाजू. मधला भाग सगळ्यांत शेवटी.

हे निवणं त्याला ओळखीचं होतं. ऑक्टोबरात याच खोलीत त्याने ऊनाच्या कपाळावर असाच हात ठेवला होता, आणि ते असंच गेलं होतं. कडेने आत. घाई न करता. लोखंड असं निवत नाही.

हाताखाली पूर्ण गार झालं, आणि वासही थांबला.

मॅलकी बाहेर आला. अंगरखा चढवला, कंदील घेतला, फावडं घेतलं.

"कुठे?" डिम्फना म्हणाली.

"फेलिमकडे. त्याने बोलावलंय."

"कधी?"

"शुक्रवारी."

वाटेत गुडघाभर बर्फ होतं. ज्या वाटेवरून तीस वर्षं भांडण झालं, तिच्यावर मेंढीचं किंवा माणसाचं एकही पाऊल नव्हतं. टेकाड उतरायला त्याला बराच वेळ लागला. फेलिमचं दार नुसतं ओढलेलं होतं.

फेलिम चुलीजवळ जमिनीवर पडलेला होता. एक पाय अंगाखाली असा वळलेला, जसा पाय वळत नाही. पडताना हात तापलेल्या चुलीला लागला असावा. अंगरख्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत करपून काळी झाली होती. चुलीतली राख गार होती, आणि किटली सांडून ती ओली झाली होती.

मॅलकीने गुडघे टेकले आणि त्याच्या मानेखाली, कॉलरच्या आत हात घातला. तिथे अजून थोडी ऊब होती. बोटभर.

तो उठला आणि सगळ्यांत आधी खिडकी उघडली.

मग त्याने पाय सरळ केला. भिंतीजवळच्या बाकड्यावर त्याला घेतलं. मेलेलं माणूस जड असतं, पण फेलिम जड नव्हता. डोळे मिटवले, हनुवटीला रुमाल बांधला, हात छातीवर ठेवले. कपाटात मेणबत्ती सापडली, ती उशाशी लावली. वर घोंगडी घातली. मग खुर्ची ओढून बसला.

"आलो," तो म्हणाला.

कुणाला सांगायला जावं, असं त्याच्या मनात आलंच नाही. गेला असता तर फेलिम एकटा राहिला असता. रात्र त्याची होती.

रात्र वर चढली. उघड्या खिडकीतून बर्फाचे कण आत येत होते. एकदा मॅलकीला रॉकेलचा वास आला. झणझणीत, डोकं धरेल असा. त्या घरात रॉकेलचा थेंब नव्हता. डिम्फनाने बॉयलर लावला असेल, एवढं त्याच्या मनात आलं. पण त्याचं घर टेकाडापलीकडे होतं, आणि वारा उलटा होता. तो उठला नाही.

मग त्याचा डोळा लागला. ऑक्टोबरात लागला होता तसाच.

जाग आली तेव्हा मेणबत्ती विझलेली होती. पूर्ण काळोख. मॅलकी हलला नाही. त्या काळोखात त्याला एक गोष्ट स्पष्ट कळत होती... खोलीत आपण एकटे आहोत. मयताजवळ बसलेला माणूस एकटा नसतो, ज्याने ते केलंय त्याला हे माहीत असतं. आता मात्र तो एकटा होता. त्याने बाकड्याच्या दिशेने हात पुढे केला. घोंगडीच्या वर, हवेतच, हात थांबला. तो खाली न्यायचं धाडस त्याला झालं नाही. हात तसाच अंगाशी घेऊन तो बसून राहिला.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मागचं दार हलल्यासारखं वाटलं. वारा असेल. बाकडं करकरलं. लाकूड आहे, थंडीत करकरतं.

मग त्याने काडी ओढली. फेलिम होता तिथेच होता. हात छातीवर, हनुवटीला रुमाल. दारापासून बाकड्यापर्यंत जमीन ओली होती. खिडकीतून बर्फ आलं असेल, असं मॅलकीने स्वतःला सांगितलं. खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

सोमवारी उजाडल्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. कॉर्मक आणि त्याच्यामागे, डोक्याला शाल गुंडाळून, डिम्फना. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने फेलिमला पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि मॅलकीकडे वळली.

"तू परत का आलास रात्री?"

"कुठे?"

"घरी. आणि आलास तर मला उठवायचं ना. मेले असते मी."

कॉर्मक मध्ये बोलला. आता तो थट्टा करत नव्हता.

"रात्री छपरावरचं बर्फ सरकलं. नळ पार बुजला. धूर सगळा घरात. बाईंनी बॉयलर पुन्हा लावला होता..."

"गारठले होते मी!" डिम्फना म्हणाली. "हा खटका बंद करून निघून गेला. मी लावला आणि झोपले. म्हटलं, तीस वर्षांचं बोलणं साठलंय दोघांचं, एका रात्रीत काही संपायचं नाही. मग कधीतरी ऊनाच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, तू आलास. ओरडले पण मी, पाय पुसून ये म्हणून. तू काही बोलला नाहीस. आणि वास येत होता, मॅलकी. तू म्हणत होतास तो. मेंढीचा आणि डांबराचा. मग अंगावर असं गार वारं आलं की उठून बसले. डोकं फुटत होतं. ऊनाच्या खोलीचं दार सताड उघडं, खिडकी सताड उघडी. पडत झडत बाहेर आले."

"ती खिडकी उघडत नाही," मॅलकी म्हणाला. "रंगाने चिकटली आहे."

"उघडली आहे," कॉर्मक म्हणाला. "मी पाहिली. कडीभोवतीचा रंग खरवडून काढलाय. आतून."

डिम्फनाने मॅलकीच्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते.

दुपारी डॉक्टर आला, मग फादर. डॉक्टरने करपलेली बाही पाहिली, पाय पाहिला. मॅलकीने त्याला गाठून विचारलं, "पडला कधी?"

"शनिवारी, दुपारच्या सुमाराला असं दिसतंय. मांडीचं हाड गेलं, उठता आलं नाही. काल अंधार पडेपर्यंत जिवंत असावा." डॉक्टरने बॅग बंद केली. "शनिवारी कुणी डोकावलं असतं तर..."

मॅलकीने मान हलवली आणि जळण आणायला बाहेर गेला. चूल त्याने पेटवली नाही. मयत असलेल्या खोलीत पेटवत नाहीत. जळण तिथे नुसतं रचून ठेवलं, नीट, एकावर एक.

संध्याकाळी आजूबाजूची माणसं ट्रॅक्टरवरून, पायी, जशी जमतील तशी आली. बायकांनी फेलिमला धुतलं, स्वच्छ सदरा घातला. व्हिस्की फिरली, थर्मासातून आणलेला चहा झाला, फेलिमच्या हट्टाच्या गोष्टी निघाल्या, लोक हसलेसुद्धा. रात्र झाली तशी रात्री बसणाऱ्यांनी खुर्च्या ओढल्या. मॅलकी आपल्या खुर्चीवरून उठला नाही.

डिम्फना त्याच्याजवळ वाकली. "काल रात्रभर बसलायस. चल. तुझी रात्र झाली."

"ती ऑक्टोबरची होती," मॅलकी म्हणाला.

"मग ही?"

"ही शनिवारची."

डिम्फनाने बसणाऱ्यांना खूण केली आणि सगळ्यांना घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

मॅलकी बसला. या वेळी त्याचा डोळा लागला नाही. खिडकी उघडी होती. मेणबत्ती सरळ जळत होती. कसलाही वास येत नव्हता. फेलिमचे हात छातीवर होते, त्यात जपमाळ गुंडाळलेली. धुतलेले होते, पण डांबर कधी पूर्ण जात नाही. नखांच्या कडा काळ्याच होत्या.

उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी पांढरट दिसलं.

मॅलकीने मेणबत्ती जवळ आणली. खिशातला लहान चाकू काढला, टोक नखाखाली घातलं आणि ते बाहेर काढलं. कोंड्याएवढी खपली होती. त्याने ती तळहातावर घेऊन उजेडात धरली. रंगाची होती. सायीच्या रंगाची.

त्याने मूठ मिटली. मग ती खपली बंडीच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, मेणबत्ती जागेवर ठेवली आणि पुन्हा खुर्चीवर बसला, पाठ ताठ ठेवून.

उजाडलं. लोक आले. मॅलकी उठला आणि त्यांना वाट दिली. रात्र फिटली होती.